मदत हवी आहे : विहिरीच्या कातळात सापडलेले पांढरे केसाळ गोळे कसे काढावेत?

वाडीकर
मुरूड तालुक्यातील आमच्या वाडीत विहिरीचे काम चालू असून कालच्या सुरुंगानंतर काळ्या कातळात एक पोकळी उघडी पडली आहे. तिच्या आत पांढरे, केसाळ गोळे चिकटलेले आहेत, छायाचित्र जोडले आहे. ठेकेदार परवा सकाळी पुढचा सुरुंग लावणार असून तो एक दिवसही थांबायला तयार नाही. हे कोणते खनिज आहे आणि ते न मोडता कसे काढावे, एवढेच कृपया सांगावे. कातळ कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे, त्यावर व्याख्यान नको.

स्फटिकवेडा
व्याख्यान देत नाही, पण आपण दिलेल्या माहितीवरून ज्योतिषीही काही सांगू शकणार नाही. गोळे केवढे आहेत? केस ताठ आहेत की मऊ? गोळ्यांच्या खाली आणि आजूबाजूला दुसरे कोणते स्फटिक दिसतात? छायाचित्रात मापासाठी एखादे नाणेसुद्धा ठेवलेले नाही.

काळी_वाळू
दुर्मिळ खनिजासाठी विहिरीत उतरण्यापेक्षा रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जावे, असे मी सुचवीन. तेथील काळ्या वाळूत टायटेनियमयुक्त इल्मेनाइट आहे. चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवला की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण चटकन चिकटतात, आणि इल्मेनाइट क्षीण चुंबकीय असल्यामुळे बरेचसे मागे राहते.

निवृत्त_मास्तर
हा स्कोलेसाइट आहे, यात शंका नको. बेसॉल्टमधील, म्हणजे या काळ्या कातळातील, पांढऱ्या सुया म्हणजे झिओलाइट गटातील खनिज, आणि स्कोलेसाइट त्यातलाच, हे मी अनेक वर्षे मुलांना शिकवले आहे. खात्री करायची असल्यास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, न आले तर माझे म्हणणे खरे.

स्फटिकवेडा
मास्तर, आपला आदर राखून सांगतो की बुडबुडे न आल्याने फक्त कॅल्साइट बाद होते, स्कोलेसाइट सिद्ध होत नाही. शिवाय केसांवर आम्ल पडले तर ओळख पटण्याआधीच नमुना जाईल. वाडीकर, आम्ल मुळीच वापरू नका, आणि माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या.

वाडीकर
गोळे बोराएवढे असून एक-दोन सुपारीएवढे आहेत. पोकळीच्या भिंतीवर बारीक क्वार्ट्झचा थर आहे, आणि एका कोपऱ्यात चौकोनी, काचेसारखे चार-पाच स्फटिक आहेत. पोकळी विहिरीत साधारण वीस फूट खोलीवर आहे. एक गोळा दगडासकट निसटून खाली पडला होता, तो आईने माती लागली म्हणून नळाखाली धरून दात घासायच्या जुन्या ब्रशने धुतला, तर त्याचे केस एकमेकांना चिकटून तो भिजलेल्या मांजरासारखा चपटा झाला. हे महत्त्वाचे वाटले नाही म्हणून आधी लिहिले नव्हते.

स्फटिकवेडा
नेमके हेच महत्त्वाचे होते! स्कोलेसाइट आणि त्याचाच भाऊबंद मेसोलाइट या झिओलाइटांच्या सुया सहसा ठिसूळ असतात. ब्रश लागताच त्या मोडून पडल्या असत्या. वाकणारे आणि भिजल्यावर लोळागोळा होणारे केस ही ओकेनाइटची खूण आहे. क्वार्ट्झचा थर आणि चौकोनी स्फटिक, म्हणजे बहुधा अपोफिलाइट, ही सोबतही त्याला साजेशी आहे. ओकेनाइट हे कॅल्शियमचे सजल (रचनेत पाणी असलेले) सिलिकेट असून ते झिओलाइट नव्हे, केवळ त्यांच्या शेजारी राहते. ग्रीनलंडमधील डिस्को बेटावरून 1828 साली त्याचे प्रथम वर्णन झाले आणि लोरेन्झ ओकेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. आपल्याकडे मालाड-कांदिवलीच्या खाणींतून ते पूर्वी निघत असे.

खडीवाला
ओळख पटली असेल तर आता कामाचे बोलू. सुरुंगाचा धूर पूर्ण निघून गेल्याशिवाय विहिरीत उतरू नका, आणि उतरण्यापूर्वी डोक्यावरचे सैल दगड लांब पहारीने पाडून घ्या. गोळ्याला हात लावायचा नाही. त्याच्यापासून निदान चार बोटे अंतर सोडून भोवतीच्या कातळात बारीक छिन्नीने हलके घाव घालत खाच पाडा आणि दगडासकट तुकडा सोडवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. मग तो तुकडा कापसात नीट गुंडाळून वर पाठवा.

स्फटिकवेडा
कापूस तेवढा नको. कापसाचे तंतू ओकेनाइटच्या केसांत एकदा अडकले की सावरीचा कापूस कोणता आणि खनिज कोणते, हे भिंगातूनही उलगडत नाही. दगडाची पाठ डब्याच्या तळाला चिकणमातीने किंवा थर्मोकोलने पक्की बसवावी, आणि केसांना झाकणाचा स्पर्श होऊ नये एवढा डबा खोल असावा. धूळ बसली तर रबरी फुग्याने हलकेच हवा मारावी, पाणी दाखवू नये.

काळी_वाळू
रंगीत गोळा मिळाला तर किंमत जास्त येते का?

स्फटिकवेडा
गुलाबी किंवा निळा गोळा दिसला तर तो रंगवून विकायला ठेवला आहे असे समजावे. खरा सहसा पांढराच असतो.

वाडीकर
ठेकेदाराने आज दुपारपर्यंतचा वेळ दिला. दोन तुकडे शाबूत निघाले, तिसरा शेवटच्या घावाला दुभंगला, आणि चौकोनी स्फटिकांपर्यंत हात पोहोचला नाही. दोन्ही तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले आहेत. आई विचारते आहे की तिने धुतलेला गोळा वाळवून कंगव्याने पुन्हा फुलवता येईल का?

स्फटिकवेडा
नाही. मात्र तो टाकू नका, वेगळ्या डबीत ठेवा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हात लावून पाहायला मागेल, त्याला तोच द्यावा.