किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्रगवत: उचलायचं की राहू द्यायचं?

रावपुरा_सकाळ
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याच्या रावपुरा-दांडियाबाजारातली काही माणसं सकाळी कमाटीबागेत फिरायला भेटतो. डिसेंबरात द्वारकेला जायचं ठरलंय, त्यातली एक सकाळ शिवराजपूरच्या किनाऱ्यावर सफाईसाठी द्यायची आहे. माझा भाचा स्पेनमध्ये आलिकान्तेजवळ राहतो. त्याने तिथल्या किनाऱ्याचे फोटो पाठवले, तपकिरी पात्यांचे कमरेएवढे ढीग! तरी हिवाळ्यात त्याला कुणी हात लावत नाही म्हणे. आपल्याकडे असं काही दिसलं तर काय करायचं? आणि गच्चीवरच्या कुंड्यांना खत म्हणून पोतंभर आणलं तर चालेल का?

मांजलपूरची_मृणाल
काढावंच असं मला वाटतं. तळ्यातली जलपर्णी आपण काढतोच ना. कुजलं की वास सुटतो, माश्या घोंगावतात, लोक तिथे बसत नाहीत.

वनस्पती_काकू
मृणाल, जलपर्णी आणि हे एका मापाने मोजू नकोस गं. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, आपल्या तळ्यांचा श्वास कोंडते, ती काढायलाच हवी. समुद्रगवत त्या समुद्राचंच आहे.

मी बडोद्यात कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, मुलांना द्वारकेजवळच्या ओख्याला सहलीला नेत असे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भाच्याने पाठवलेलं गवत बहुधा पोसिडोनिया ओशियानिका. ते फक्त भूमध्य समुद्रात वाढतं. ते शेवाळ नव्हे. त्याला खरी मुळं, खोड, पानं आहेत, पाण्याखाली फुलं-फळंही धरतात. शरदात जुनी पानं गळतात आणि लाटा ती किनाऱ्यावर आणून टाकतात, थरावर थर. मधे वाळू अडकते. हिवाळी वादळात लाटांचा मारा हा बांध झेलतो, मागची वाळू जागेवर राहते. तो यंत्राने उचलला की गवताबरोबर वाळूही जाते. खरं नुकसान तिथे आहे, आणि पुढच्या वर्षी बाहेरून वाळू आणून ओतण्याची पाळी येते. या गवताच्या कुरणांना युरोपात 1992 च्या अधिवास निर्देशाखाली, म्हणजे युरोपीय संघाच्या निसर्गरक्षणाच्या नियमाखाली, प्राधान्याचं संरक्षण आहे.

जिथे खरंच अडचण होते तिथे उन्हाळी गर्दीच्या आधी, पोहण्याच्या पट्ट्यापुरतंच, हलक्या हाताने काढतात. वाळू चाळून परत किनाऱ्यालाच देतात. काही ठिकाणी ढीग बाजूला ठेवून शरदात पुन्हा पसरतात. मला ही पद्धत फार आवडते. हे वाळलेलं गवत पूर्वी वायाही जात नसे. इबिझात घरांच्या छपरात घालत, व्हेनिसची काचेची भांडी यात गुंडाळून परदेशी जात. डेन्मार्कच्या लेसो बेटावर दुसऱ्या जातीच्या समुद्रगवताची जाडजूड छपरं आजही आहेत.

आता आपलं. कच्छच्या आखातात समुद्रगवत आहे, हॅलोफिला आणि हॅलोड्युल. पण पानं इवलीशी, हॅलोफिला ओव्हॅलिसचं पान अंगठ्याच्या नखाएवढं. त्याचे कमरेएवढे ढीग होत नाहीत. शिवराजपूरला तपकिरी गुंता दिसला आणि त्यात वाटाण्यासारखे हवेचे फुगे असले, तर ते सरगॅसम, म्हणजे समुद्रशैवाल. तेही राहू द्या. त्यात बारीक किडे-कुरल्या राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. शिवराजपूरला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला आणि त्या निकषांतच आहे की नैसर्गिक काडीकचरा त्रासदायक नसेल तर किनाऱ्यावर राहू द्यावा.

ओखा_ते_अलकापुरी
काकूंचं अगदी बरोबर. माझं बालपण ओख्याला गेलं. उचलायचंच असेल तर त्या गुंत्यात अडकलेलं उचला: नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, बाटल्यांची झाकणं, थर्मोकोल. हातमोजे घाला आणि हातानेच वेचा, दाताळं फिरवू नका. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं आणि ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, घरटं वाळूखाली असतं, वरून कळत नाही. जाळं वाळूत खोल गेलं असेल तर ओढू नका, दिसतं तेवढं कापून घ्या.

रावपुरा_सकाळ
काकू, खूप आभार. मग कुंड्यांसाठी एखादी पिशवीसुद्धा नको?

वनस्पती_काकू
नको हो भाऊ. एक म्हणजे मीठ. शेतात पावसाने ते धुऊन जातं, कुंडीत मातीतच साठतं आणि मुळं जळतात. दुसरं, किनाऱ्याचं खाद्य किनाऱ्याला लागतं. समुद्रशैवालाचं द्रवखत हवं असेल तर बाजारात तयार मिळतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्यावर खूप काम केलंय. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून फवारा, मोगऱ्यालाही चालतं.

आणि येताना जामनगरजवळ नराराला थांबणार असाल, तर तो भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथून शंख, शैवाल, प्रवाळाचा तुकडा, काहीही आणायचं नाही. ओहोटीलाच आत चालत जाता येतं, म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून निघा आणि वनखात्याची परवानगी आधी काढा.

रावपुरा_सकाळ
ठीक. पोती आता फक्त प्लास्टिक आणि जाळ्यांसाठी. मृणाल, तुम्हीही येताय ना?

मांजलपूरची_मृणाल
येते. जाड हातमोजे आणि जाळी कापायला कात्र्या माझ्याकडून.