मदत हवी आहे: अमेरिकेतलं लहान कॉलेज चार वर्षं टिकेल का, हे इथून कसं ओळखायचं?

नाशिककर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान खाजगी कॉलेजात तिला बायॉलॉजीसाठी प्रवेश मिळालाय. राहणं-खाणं धरून वर्षाला ६१ हजार डॉलर, त्यातले ३४ हजार 'मेरिट स्कॉलरशिप' म्हणून माफ. पत्र आलं त्याच दिवशी सोसायटीत पेढे वाटून झाले.

मग लेकीने तिथल्या विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र वाचायला घेतलं. जर्मन आणि संगीत हे दोन विभाग बंद केलेत. दहा वर्षांत विद्यार्थी १,७०० वरून १,१०० वर आलेत. आता तीच मला विचारतेय, "बाबा, हे कॉलेज माझी डिग्री होईपर्यंत राहील ना?"

१ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय. उरलेल्या पैशांसाठी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढणार आहोत. इथे बसून काय तपासता येईल? कॉलेजचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

उंटावरचा_शहाणा
एवढी स्कॉलरशिप देतंय म्हणजे कॉलेजकडे पैसा असणारच की. उगाच शंका काढताय.

ताळेबंद
शहाणेसाहेब, नेमकं उलटं. मी सीए आहे (डोंबिवलीतला, अमेरिकेतला नाही), पण भाच्याच्या वेळी या कागदांत बराच बुडालो होतो.

ही स्कॉलरशिप बहुतेक वेळा कुठल्या तिजोरीतून येत नाही, ती छापील किमतीवरची सूट असते. तिथल्या कॉलेजांच्या वित्त अधिकाऱ्यांची नाकूबो नावाची संघटना आहे. तिच्या पाहणीत खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना ट्यूशनवर सरासरी ५६ टक्क्यांच्या आसपास सूट देताना दिसतात. म्हणजे छापील फी भरणारा जवळपास कुणीच नाही. वर्ग भरावेत म्हणून सूट वाढवायची आणि सूट वाढली की हातात येणारी रक्कम घटते. लहान कॉलेजांचं दुखणं इथे आहे.

त्यात मुलंच कमी होतायत. २००७ साली अमेरिकेत ४३ लाखांवर बाळं जन्मली. मग मंदी आली आणि जन्म घटत गेले. ती पिढी आता अठरा वर्षांची होतेय. विची या संस्थेच्या अंदाजानुसार बारावी पास होणाऱ्यांची संख्या २०२५ मध्ये शिखरावर, आणि तिथून २०४१ पर्यंत साधारण १३ टक्के उतार. परदेशी मुलांवर भिस्त ठेवावी, तर २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झालेल्या सत्रात नव्याने आलेले परदेशी विद्यार्थी १७ टक्क्यांनी घटले.

आता बाबा, तुमच्या प्रश्नाकडे. पहिलं म्हणजे फॉर्म ९९०. ना-नफा कॉलेजांचं हे आयकर विवरण सार्वजनिक असतं, प्रोपब्लिकाच्या साइटवर फुकट मिळतं. पहिल्याच पानावर खर्च वजा जाता काय उरलं ते या वर्षीचं आणि मागच्या वर्षीचं शेजारी-शेजारी असतं. पाच वर्षांचे फॉर्म काढा. एखाद्या वर्षीची तूट चालते, ओळीने चार वर्षं असेल तर सावध व्हा.

कॉलेजने रोखे विकून इमारती बांधल्या असतील, तर एम्मा नावाच्या साइटवर त्याचा लेखापरीक्षित ताळेबंद सापडेल. त्यातल्या टिपा वाचा. माणसं आकडे बघतात आणि टिपा सोडतात, खरं तर सगळी मेख तिथेच असते. 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे संस्था पुढे चालू राहू शकेल का याबद्दल, ऑडिटरने शंका घेतली असेल, तर पुढे काही वाचायची गरज नाही.

एंडावमेंटच्या, म्हणजे देणग्यांतून साठलेल्या कायम निधीच्या, आकड्याला भुलू नका. देवळात अन्नदानासाठी आलेल्या पैशातून गळकं छप्पर दुरुस्त करता येत नाही ना, तसंच. त्यातला बराच पैसा देणगीदाराने अमुकच कामासाठी म्हणून बांधून दिलेला असतो.

शेवंती
तिथलं केंद्राचं शिक्षण खातं खाजगी कॉलेजांना आर्थिक गुणही देतं, उणे १ ते ३ मध्ये. १.५ आणि वर म्हणजे पास. पण ते आकडे दोनेक वर्षं जुने असतात. आणि कॉलेज नॅव्हिगेटर या त्याच खात्याच्या साइटवर पहिल्या वर्षातली किती टक्के मुलं दुसऱ्या वर्षी परत आली ते बघा. मी तेवढ्यावरून एक कॉलेज यादीतून काढलं होतं.

उंटावरचा_शहाणा
बरं, चुकलो. पण कॉलेजं अशी रातोरात थोडीच बंद होतात? आपल्याकडे इंजिनीअरिंग कॉलेज बंद करायचं तर एआयसीटीईकडून 'प्रोग्रेसिव्ह क्लोजर' घेतात. पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत असलेली मुलं शिकून बाहेर पडतात.

पिट्सबर्गची_काकू
होतात रातोरात. फिलाडेल्फियातलं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, १८७६ पासूनची परंपरा. २०२४ साली ३१ मेला, शुक्रवारी, बातमी फुटली आणि ७ जूनला कुलूप. कित्येक मुलांना ते वर्तमानपत्रातून कळलं. मॅसॅच्युसेट्समधलं माउंट आयडा २०१८ च्या एप्रिलमध्ये असंच अचानक बंद करत असल्याचं जाहीर झालं. त्यानंतर त्या राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला, की डबघाईला आलेल्या कॉलेजवर सरकारने लक्ष ठेवायचं आणि धोका असेल तर मुलांना कळवायचं. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नची गोष्ट तर चटका लावणारी. २०२४ च्या मे अखेरीस कॉलेज बंद झालं, तेव्हा त्यांचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता.

कागदावर इथेही 'टीच-आउट' असतं, म्हणजे दुसऱ्या कॉलेजाशी करार करून मुलांना तिकडे सामावून घेणं. पण पगाराचेच पैसे संपले की धीमेपणाने बंद करायला वेळ कुठून आणणार?

माझ्या नणंदेच्या मुलावर हे ओढवलंय, म्हणून सांगते. तो एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर होता. कॉलेज बंद झालं की मुलाला ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद हलवून नवा आय-२० (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र) घ्यावा लागतो, नाहीतर देश सोडा. त्याला कॉलेज मिळालं, पण १८ क्रेडिट बुडाले, म्हणजे एक सत्र गेलं. आणि स्कॉलरशिप बरोबर येत नाही! नव्या कॉलेजाने दिली ती निम्मीच. दादा, तुमच्या हिशेबात ही रक्कम धरली आहे का?

कोपऱ्यातला_मी
सगळीच मरत नाहीत हो. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद करायचं ठरलं होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा केला, कोर्टात गेल्या, आणि ते आजही चालू आहे. विभाग बंद केले हेही वाईटच असं नाही. वेळेवर हात आखडता घेणारं कॉलेज टिकण्याची शक्यता जास्त. मुलीचा बायॉलॉजी विभाग किती मोठा आहे ते बघा.

पिट्सबर्गची_काकू
हो, पण कॉलेज सरकारी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. इथल्या पेन स्टेट विद्यापीठाने सात लहान कॅम्पस २०२७ मध्ये बंद करायचं ठरवलंय.

नाशिककर_बाबा
सगळ्यांचे आभार. ताळेबंदसाहेब, रात्री दोनपर्यंत जागून पाच वर्षांचे ९९० काढले. चार वर्षं तूट, त्यातल्या एका वर्षी जमीन विकून भरून काढलेली. एम्मावर टिपांमध्ये लिहिलंय की बँकेची कर्जाची अट मोडली होती आणि बँकेने वर्षभराची सूट दिली. हे वाचून पोटात गोळा आला.

लेकीने स्वतःच कॉलेजला ईमेल केली: तुम्ही बंद झालात तर टीच-आउटचा करार कुणाशी आहे? उत्तरात कॉलेजच्या उज्ज्वल भविष्याबद्दल दोन परिच्छेद आणि एक रंगीत पुस्तिका. कराराबद्दल अक्षर नाही.

ओहायोतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचंही पत्र आहे तिच्याकडे. तिथे सूट फक्त नऊ हजार, म्हणून आम्ही बाजूला ठेवलं होतं. वर्षाला १३ हजार डॉलर जास्त पडतील. आजोबा म्हणतात दोन्हीकडे डिपॉझिट भरा, मग बघू. असं करतात का?

शेवंती
नका करू. एकाच ठिकाणी भरायचं असा संकेत आहे, कळलं तर प्रवेश काढून घेऊ शकतात. त्यापेक्षा ओहायोला लिहून विचारा, परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणखी काही सूट मिळेल का. दुसऱ्या कॉलेजाचं ३४ हजारांचं पत्र जोडा.

ताळेबंद
आणि आजच लिहा. १ मेनंतर कुणी दाद देत नाही.

नाशिककर_बाबा
लिहितेय ती. पेढ्यांचं मात्र सोसायटीत काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.