मदत हवी आहे : ब्रोकर नक्की कोणाच्या बाजूचा?

नमस्कार मंडळी. ठाण्यात कासारवडवलीला रीसेलचा वन बीएचके बघतोय. मालक ८५ लाख म्हणतोय. ब्रोकर आमच्याकडून २ टक्के घेणार, आणि मालकाकडूनही तेवढेच. हे त्यानेच चहा पिताना सहज सांगितलं, म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही नाही असं त्याला वाटत असावं!

आता हिशोब बघा. मी भाव ८० वर आणला तर माझे ५ लाख वाचतात, पण त्याचे दोन्हीकडचे मिळून २० हजार जातात. मग तो माझ्यासाठी घासाघीस कशाला करेल? "साहेब, उद्या दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन टाका" हे तीनदा ऐकून झालंय. बायको म्हणते, ती दुसरी पार्टी एकदा दाखव म्हणावं.

वर, घोडबंदर रोडच्या एका नव्या प्रोजेक्टसाठी मागे लागलाय. "तिथे तुम्हाला ब्रोकरेज शून्य." शून्य कसलं, ते बिल्डर देणार आणि शेवटी भावातूनच वसूल करणार ना?

महारेराचा, म्हणजे बिल्डर-ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक त्याने दिलाय, साइटवर तपासला, बरोबर आहे. पण नोंदणी असली म्हणून तो माझी बाजू घेईलच असं थोडंच आहे.

कोणी टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम ठरवली आहे का? समोरून किती मिळतात ते लेखी मागितलं तर देतात का? की सरळ मालकाशीच बोलावं? टोकन शनिवारी द्यायचंय, त्याआधी सांगा प्लीज.