जुन्या कॉमन रेल ट्रकचे इंजिन गरम झाल्यावर थरथरते आणि एकाच वेळी तीन कोड येतात

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सहा सिलिंडरचा, २४ व्होल्टचा, कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनाचा जुना ट्रक आहे. सकाळी थंड असताना सेल्फ मारताच इंजिन सुरू होते आणि आयडलिंगही (पिकअप न देता इंजिन चालू राहणे) ठीक असते. पण अर्धा-पाऊण तास चालवून गाडी उभी केली की इंजिन मिसिंग केल्यासारखे (एखादा सिलिंडर काम करत नसल्यासारखे) थरथरते, स्टिअरिंगवर हात ठेवला तरी ते जाणवते, आणि गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करायचे झाल्यास सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. शिवाय चढावर अधूनमधून इंजिनाचा दिवा लागतो व पिकअप एकदम जातो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की पिकअप परत येतो.

स्कॅनरवर (गाडीने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) तीन कोड दिसले: रेल प्रेशर (रेलमधील डिझेलचा दाब) सेन्सरचा सिग्नल कमी, बूस्ट प्रेशर (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब) सेन्सरचा सिग्नल कमी आणि सेन्सरना मिळणारा पुरवठा कमी. पहिले दोन्ही सेन्सर मी नवे बसवले, तरी काहीच फरक पडला नाही. आता ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला असेल, तो बदलावा, असा सल्ला मिळतो आहे. त्याआधी आणखी काय तपासता येईल?

उत्तर १

ईसीयूला अजून हात लावू नका. आपल्या तीन कोडांपैकी सर्वांत महत्त्वाचा तिसरा आहे, आणि बहुधा त्याच्याकडेच दुर्लक्ष झाले आहे. कोड एखाद्या सर्किटमध्ये काय दिसले एवढेच सांगतो. तो भाग खराब आहे असे सांगत नाही. रेल प्रेशर आणि बूस्ट प्रेशर हे दोन्ही सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात, आणि पुष्कळ गाड्यांत हे ५ व्होल्ट एकाच शाखेतून दोन-तीन सेन्सरना वाटलेले असतात. सेन्सरचा सिग्नल त्या ५ व्होल्टच्या प्रमाणात असतो, म्हणजे दाब शून्य असताना साधारण ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५ व्होल्टच्या आसपास. पुरवठाच खाली आला तर दोन्ही सेन्सर उत्तम असूनही दोघांचे सिग्नल एकदम कमी दिसणार, आणि नवे सेन्सर बसवूनही तेच दिसत राहणार.

चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत एका सेन्सरच्या कपलरमध्ये (वायरच्या जोडात) मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून पुरवठा आणि अर्थ यांच्यामधील व्होल्टेज मोजा. ते ४.९ ते ५.१ असायला हवे. कपलर काढून मोजण्यापेक्षा जोडलेला ठेवून मोजणे मी जास्त विश्वासार्ह मानतो, कारण वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी भार नसताना मीटर पूर्ण ५ व्होल्ट दाखवतो. वायरचे आवरण टोचून मात्र मोजू नका. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तिथेच नवा दोष उभा राहतो.

मीटर लावलेला असतानाच हार्नेस (वायरांचा जुडगा) वीत-वीत अंतरावर हाताने हलवत जा. व्होल्टेज पडले की तिथेच थांबा. ते कायमच पडलेले असेल, तर त्या शाखेवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, त्या सेन्सरमध्ये आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही पुरवठा खालीच राहिला, तर बॅटरीची जोडणी काढून मग ईसीयूचा कपलर काढा आणि ५ व्होल्टची वायर कुठे अर्थला चिकटते का ते ओहम्सवर पाहा. हार्नेस निर्दोष निघाल्यावरच ईसीयूचा विचार करावा.

उत्तर २

वरील उत्तर दिव्याबद्दल अगदी योग्य आहे, परंतु आयडलिंगची थरथर हा वेगळा दोष असावा असे मला वाटते. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर मिसिंग आणि गरम इंजिन सुरू व्हायला वेळ, ही तिन्ही लक्षणे एकत्र असली की माझे लक्ष आधी इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) रिटर्नकडे, म्हणजे त्यातून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलकडे जाते. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त प्रमाणात रिटर्नला निसटते. सेल्फवर इंजिन हळू फिरत असल्याने पंप तेवढी गळती भरून काढू शकत नाही, रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही आणि तोपर्यंत ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर पाहा. ते १५०–२०० बारच्या खालीच रेंगाळत असेल, तर शंका बळकट होते.

प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला स्वतंत्र नळी लावून ती एकसारख्या मापाच्या बाटलीत सोडा, गरम इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलिंगवर चालवा आणि पातळ्यांची तुलना करा. काही इंजिनांत रिटर्नची वाट हेडच्या आतूनच जाते, तिथे ही पद्धत जमत नाही. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय इंधन दुरुस्तीचे आकडे (ईसीयू कोणत्या सिलिंडरला किती कमी-जास्त डिझेल देतो ते) दिसत असतील तर तेही नोंदवा. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा दूर असला, तरी त्यावरून लगेच इंजेक्टर दोषी ठरवू नये. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) बिघडले असेल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) कमी असेल तरी आकडा असाच येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्याची पद्धत होती, आणि अनेकांच्या हाताला अजून ती सवय आहे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथला दाब आयडलिंगलाही शेकडो बार असतो, आणि भाराखाली तो हजाराच्या वर जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्यापायी बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कपलर ओढू नये, कारण तिथे बॅटरीपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज असते. सिलिंडर बंद करून पाहायचा असेल तर तो स्कॅनरमधूनच बंद करा.

उत्तर ३

दोन छोट्या तपासण्या सुचवतो. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारा, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोके घासून स्वच्छ करा. रात्रभर उभ्या गाडीची चावी फक्त चालू करून स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमाने पाहा. ती जवळजवळ सारखी हवीत. एखादा आकडा पंधरा-वीस अंशांनी वेगळा असेल, तर तो सेन्सर कोड न देताच चुकीचे मोजतो आहे. त्याच वेळी रेल प्रेशर शून्याजवळ आणि बूस्ट सेन्सरचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, असायला हवा.

दिवा चढावरच लागतो, म्हणून इंजिन माउंटिंगचे (इंजिन चासीवर ज्यावर टेकते त्या आधाराचे) रबरही पाहा. भार आला की इंजिन एका बाजूला वळते आणि त्याबरोबर हार्नेस ओढला जातो.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी सांगितलेल्या तपासण्या दोन दिवसांत केल्या. चावी चालू करून मोजले तेव्हा ४.९८ व्होल्ट होते. हार्नेस हलवत इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे तो चासीच्या ब्रॅकेटवर क्लॅम्पने धरला आहे, तिथे पोहोचलो आणि तो किंचित ओढताच मीटर २.६ वर आला. टेप सोडल्यावर बूस्ट सेन्सरला जाणाऱ्या पुरवठ्याच्या वायरचे आवरण जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत घासून गेलेले दिसले. आतले तांबे चकचकीत झाले होते आणि ब्रॅकेटच्या कडेवर तेवढाच काळा डाग होता. त्याच बाजूच्या माउंटिंगचे रबर फाटलेले निघाले. वायर जोडून तिच्यावर नवी स्लीव्ह चढवली, क्लॅम्पखाली रबर घातले आणि माउंटिंगही बदलले. त्यानंतर भरल्या गाडीने चढ चढूनही दिवा लागला नाही.

थरथर मात्र कायम आहे. अर्थ आणि तापमानाचे आकडे ठीक आहेत. गरम इंजिनावर तीन मिनिटांत पाच बाटल्यांमध्ये ३० मिलीलीटरच्या आसपास डिझेल आले, चौथ्या सिलिंडरच्या बाटलीत ८५. स्कॅनरवरही चौथ्याचाच आकडा वेगळा आहे. त्याचे टॅपेट योग्य आहे आणि कॉम्प्रेशन इतरांइतकेच आहे. आता चौथा इंजेक्टर थेट बदलावा का?

उत्तर २

आपण कॉम्प्रेशन आणि टॅपेट आधी पाहिले हे फार चांगले केले. दोष चौथ्या इंजेक्टरच्या बाजूला आहे, पण आणखी एक पायरी बाकी आहे. आपल्या इंजिनात रेलच्या पाइपपासून इंजेक्टरपर्यंत हेडमधून आडवी जाणारी कनेक्टर नळी असेल, तर तिचे टोक इंजेक्टरवर नीट बसले नसतानाही डिझेल रिटर्नलाच जाते आणि बाटली अशीच भरते. इंजिन बंद करून रेलचा दाब पूर्ण उतरू द्या, मग नळीचा नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला (घट्टपणाच्या मापाला) आहे का पाहा. नळी बाहेर काढली तर तिच्या टोकावर बसल्याची गोल खूण सर्व बाजूंनी सारखी आहे का तेही पाहा. खूण एका बाजूला तुटक असेल तर नळी बदला. त्यानंतर बाटल्यांची चाचणी पुन्हा करा.

चौथी बाटली तरीही भरली, तर इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या. नवा बसवताना त्याच्यावर छापलेला कोड स्कॅनरमधून ईसीयूमध्ये भरावा लागतो का ते आधी विचारून ठेवा, खालचा जुना वॉशर पुन्हा वापरू नका, आणि पाइपांची तोंडे उघडी पडताच टोप्यांनी झाका, कारण डोळ्यांना न दिसणारा कणही नवा इंजेक्टर निकामी करू शकतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर येणारे सहाही सिलिंडरचे आकडे इथे लिहा.