परदेशातून घरी यायचं ते गणपतीला की साध्या दिवसांत?

प्रभादेवीचा पोरगा

साडेचार वर्षं झाली मला स्टुटगार्टला, आधी मास्टर्स आणि आता नोकरी. आईबाबा प्रभादेवीला, मी एकुलता एक. 2022 ची दिवाळी, 2023 च्या डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आणि 2024 चे गणपती, असा तीन वेळा घरी आलो आणि तिन्ही वेळा परत जाताना विमानात बसल्यावर वाटलं की आईबाबांशी धड बोललोच नाही. गणपतीच्या सोळा दिवसांचा नंतर बसून हिशोब केला तर रात्रीचं घरी जेवलो फक्त पाच वेळा. बाकी विरारची मावशी, बदलापूरचे काका, दोन दिवस पुणे, आणि जिथे जाईन तिथे तेच प्रश्न, थंडी किती असते, पगार किती, लग्नाचं काय.

म्हणून यंदा फेब्रुवारीत आलो. सण नाही, लग्न नाही, कोणाला कळवलं पण नाही. तीन आठवडे.

चौथ्या दिवशी बाबांना परळला डॉक्टरकडे जायचं होतं. मी म्हटलं टॅक्सी करू, तर म्हणाले टॅक्सी फिरून जाते रे, चालतच जाऊ. प्रभादेवी आणि परळ जोडणारा, रेल्वेवरचा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडायला घेतला हे मला माहीत होतं, अटल सेतूवरची वाहतूक वरळीकडे न्यायला तिथे शिवडी-वरळी रस्त्याचा डबल डेकर पूल होणार आहे वगैरे सगळं वाचलेलं, ग्रुपवर व्हिडिओ पण बघितलेले. पण पूल बंद म्हणजे माझ्या बापाचं काय होतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीने जायचं तर दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून वळसा, ट्रॅफिक लागलं की मीटर पळतो, म्हणून ते स्टेशनच्या पादचारी पुलाचे जिने चढून जातात. 68 वय आहे. अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे राहिले आणि मोबाईल बघितल्यासारखं केलं, मोबाईलवर काहीच नव्हतं, मला दिसत होतं.

आईला कुकरचं झाकण उजव्या हाताने घट्ट लावता येत नाही, ती बाबांना हाक मारते. दादरच्या मार्केटला ती गेले कित्येक महिने गेलेलीच नाही. फोनवर रोज सांगते भाजी आणली, ती खाली येणाऱ्या गाडीवाल्याकडची असते. व्हिडिओ कॉलवर सोफा दिसतो आणि दोघांचे चेहरे दिसतात, गुडघे दिसत नाहीत, हात दिसत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे गेलेत त्यांनी सणाला, लग्नाला यायचं बंद करावं आणि साध्या दिवसांत येऊन फक्त घरी राहावं. नातेवाईकांना फोन करा, पुरे.

मधली सून

तुझ्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मला दुसरी बाजू सांगायची आहे कारण मी ती रोज जगते.

मी काळाचौकीला सासूसासऱ्यांबरोबर राहते. धाकटे दीर अमेरिकेत. त्यांनी पण मागच्या वर्षी असंच ठरवलं, गर्दी नको, शांतपणे आईबाबांबरोबर राहायचंय, आले मार्चमध्ये. राहिले, छान राहिले, सासऱ्यांना फिरायला नेलं, सगळं केलं. आणि मग गणपतीला आमच्या घरी पाच दिवस, जेवायला पन्नाससाठ माणसं येऊन जाणार, पहिल्या दिवशी शंभरावर उकडीचे मोदक, मखर, फुलं, पाचव्या दिवशी विसर्जनाला चौपाटीपर्यंत जाणं, हे सगळं माझ्यावर, नवऱ्यावर आणि सत्तरीच्या सासूबाईंवर. त्या उकड मळताना मध्येच बसल्या आणि काय म्हणाल्या तर आज धाकटा असता तर नारळ त्याने खवले असते. मी दोन तास नारळच खवत होते त्यांच्यासमोर.

साधे दिवस आमच्याकडे भरपूर आहेत. वर्षाचे साडेतीनशे. ते निभावायला आम्ही आहोत, कुकरची झाकणं आम्ही लावतो, डॉक्टरकडे आम्ही नेतो. माणसं कमी पडतात ती सणाला. तुम्ही साध्या दिवसांत येता तेव्हा घरात एक जेवणारा वाढतो, सणाला येता तेव्हा दोन हात वाढतात. एकुलत्या एकाचं वेगळं असेल, पण "सणाला यायचं बंद करा" हे सगळ्यांना सांगू नकोस प्लीज.

प्रभादेवीचा पोरगा

ताई, हे मान्य, भावंडं घरी असतील तर हिशोब बदलतो, मी तो विचार केलाच नव्हता. पण तुमच्या दिरांनी सणाला यावं हे जितकं खरं, तितकंच हे पण खरं ना की मार्चमध्ये त्यांनी बाबांना फिरायला नेलं ते सणाच्या पाच दिवसांत झालं नसतं. माझा मुद्दा तोच आहे.

न्यूजर्सीवाला

सुट्टी कधी घ्यायची हे आपण ठरवतो असं गृहीत धरून चाललाय तुम्ही सगळे. आमच्याकडे एच-वन-बीचं, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग ठरवतं, इथल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन तो शिक्का मिळाल्याशिवाय परत जाता येत नाही. माझा मित्र आईच्या पंचाहत्तरीला म्हणून मुलाखतीची तारीख घेऊन डिसेंबर 2025 मध्ये आला आणि त्याच महिन्यात मुलाखती पुढे ढकलल्या, सोशल मीडिया तपासणार म्हणून. बायको आणि शाळेतलं पोर तिकडे, हा डोंबिवलीत अडकलेला. लोक म्हणतात बरं झालं आईजवळ राहायला मिळालं. त्याला रात्री झोप लागत नव्हती नोकरीच्या काळजीने, आई बघत होती ते. मी स्वतः तीन वर्षं आलेलो नाही. आलो आणि परत जाता आलं नाही तर घराचं कर्ज कोण भरणार.

मस्कतवाला

साइटवर असतो, सुट्टी कंपनी देईल तेव्हा. गेल्या वेळी जूनमध्ये मिळाली, घरी गळती लागलेली, ताडपत्री लावण्यात आठवडा गेला. आई खूश होती. काम झालं म्हणून.

मुलुंडची आई

मी दुसऱ्या पिढीतली, म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही येता त्यातली. मुलगी डब्लिनला आहे.

मुला, तू मावशीकाकांना "फोन करा, पुरे" म्हणालास ते मला लागलं. दोन वर्षांपूर्वी हे रात्री बाथरूममध्ये पडले. लेकीला फोन केला तर ती तिकडून काय करणार, रडली. माझ्या नणंदेचा मुलगा ठाण्याहून पंचवीस मिनिटांत आला, हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट त्याने भरलं, चार रात्री बाकड्यावर झोपला. लेक पुढच्या वेळी आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी त्याच्याकडे घेऊन गेले. तिला जेट लॅग होता, चिडली होती माझ्यावर. मी म्हटलं तासभर बस, चहा घे, त्याच्या आईच्या पाया पड. पुन्हा रात्री फोन करायची वेळ आली तर मला त्याच दारात जायचंय. तुझे बदलापूरचे काका पगार विचारत असतील, विचारू देत, पण तुझ्या बाबांना काही झालं तर पहिली लोकल पकडून कोण येणार आहे याचा विचार कर.

आणि सणाचं म्हणशील तर माझा स्वार्थ सांगते. युरोपात दूधदुभत्याचं काही नेऊ देत नाहीत, तूप नाही, पेढे नाहीत, तिच्या बॅगेत मी भाजणी आणि मेतकूट भरते. मोदकावर साजूक तुपाची धार धरायची आणि ती खाताना बघायची तर तिला इथेच यावं लागतं. व्हॉट्सअपवर फोटो पाठवून ते होत नाही.

प्रभादेवीचा पोरगा

काकू, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

खरं सांगतो, बाबांना परळला एरवी खालच्या मजल्यावरचे काका नेतात हे मला तिथे डॉक्टरांच्या कंपाउंडरने विचारल्यावर कळलं, "आज ते दुसरे नाही आले?" म्हणून. मी तीन आठवडे त्याच बिल्डिंगमध्ये होतो आणि त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही, कारण मी ठरवलेलं होतं ना, कोणाकडे जायचं नाही. आज फोन केला त्यांना. ते म्हणाले अरे त्यात काय, पण मलाच बोलता येईना.

तरी मी माझ्या मुद्द्यावरून पूर्ण हलत नाही. मावशीकडे जाईन, काकांकडे जाईन, पण गणपतीच्या गडबडीत आलो असतो तर कंपाउंडरचं ते वाक्य माझ्या कानावर पडलंच नसतं.

मधली सून

एक विचारू? हे सगळं आपण आपसात ठरवतोय. तू आईबाबांना विचारलंस का की त्यांना कधी यायला हवाय? सरळ. दिरांनी पण आम्हाला कोणाला विचारलं नव्हतं.

प्रभादेवीचा पोरगा

विचारलं काल. आपण दोनच पर्याय धरून भांडत होतो म्हणून मी पण तसंच विचारलं, की यंदा गणपती 14 सप्टेंबरला आहेत, तेव्हा येऊ की पुन्हा फेब्रुवारीत? जर्मनीत मला वर्षाला 30 दिवस मिळतात, त्यातले बरेच खर्च झालेत, म्हणून एकच फेरी जमेल.

आई म्हणाली गणपतीला. तिला विचारायची गरजच नव्हती.

बाबा आधी म्हणाले तुला जमेल तेव्हा ये. मग आई आत गेल्यावर फोन जवळ घेऊन म्हणाले, जुलैत बघ जमतं का. मी म्हटलं जुलैत काय आहे? तर म्हणाले, पावसात त्या पुलाचे जिने ओले असतात, छत्री धरली की कठडा धरता येत नाही, आणि यांना तरी सारखं किती सांगायचं. यांना म्हणजे खालच्या काकांना.

इतक्या वर्षांत बाबांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. जुलैचं तिकीट बघतोय. गणपतीचं आईला कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.