कोकणात टेम्परेचर ब्लँकेट कसं करायचं? पट्ट्यांचे रंग कशावर ठरवू?

सुरंगी
नमस्कार मंडळी, मी गुहागरची. क्रोशे बरीच वर्षं करते पण रुमाल, तोरणं, बाळांच्या टोप्या एवढंच, मोठं पांघरूण कधी केलं नाही. यंदा रंगीत पट्ट्यांचं करायचंय, लेक बंगलोरला नोकरीला असते तिच्यासाठी. नेटवर ते टेम्परेचर ब्लँकेट बघितलं, रोज एक ओळ विणायची आणि त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे रंग घ्यायचा, कल्पना एवढी आवडली की लगेच सुई हातात घेणार होते. पण आपल्याकडे दुपारचं तापमान बारा महिने २८ ते ३३ च्या आसपासच घुटमळतं, म्हणजे वर्षभर विणून शेवटी दोन रंगांचंच होणार ना. बर्फ पडतो तिथे ठीक आहे ते.
तर रंग कशावर ठरवू? आणि लोकर घेऊ की सुती धागा, कारण पावसाळ्यात इथे लोकरीच्या वस्तूंना कुबट वास येतो. कडा सरळ राहण्यासाठी काय करता तेही सांगा.

खाडीकाठ
अगं तापमान सोड, पावसावर कर! आपल्याकडे बदलतं ते पाऊसमान. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हे चार महिने म्हणजे १२२ दिवस, १२२ ओळी, पांघरुणाला अगदी बेताची लांबी.
रंगांसाठी हवामान खात्याच्या पायऱ्याच घे. २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. २.५ च्या खाली भुरभुर, आणि मग कोरडा दिवस. फक्त मध्यमचे मी दोन भाग करीन, ३५ च्या आतला आणि पुढचा, नाहीतर जुलैत आठ-आठ दिवस एकच रंग येतो आणि पट्टे दिसतच नाहीत.
आकडे खात्याचे घेता येतील, हर्णै आणि रत्नागिरी दोन्हीकडे वेधशाळा आहे. पण मी म्हणेन घरचाच पाऊस मोज, तुझ्या अंगणातला पाऊस लेकीच्या अंगावर, याची सर त्याला नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा उंच डबा घ्यायचा, बादली नको, ती वर रुंद खाली अरुंद असते म्हणून आकडा जास्त येतो. डबा उघड्यावर ठेवायचा, माडाखाली नाही आणि पागोळ्यांजवळ तर अजिबात नाही. सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर बघायचे, वहीत लिहायचे, डबा रिकामा करून परत ठेवायचा. खातंही साडेआठ ते साडेआठच मोजतं. डबा फूटभर तरी उंच हवा, एखाद्या रात्री दोनशेच्या वर जातो तेव्हा छोटा भरून वाहतो.

अबोली_वेंगुर्ला
बरा वाटला वाचून! रंगांबद्दल सांगते, माझा जीव रंगात.
कोरड्या दिवसाला जांभ्या दगडाचा तांबूस घे. भुरभुरीला लिंबू, हलक्याला पोपटी, मग गर्द हिरवा, मोरपंखी, त्यापुढे चिंतामणी, जांभळा आणि सगळ्यात मोठ्या पावसाला आमसुली. मे संपताना सडा, म्हणजे आपलं कातळाचं पठार, कसा असतो आणि जुलैत कसा होतो ते सगळं त्यात येतं बघ. हिरवा, मोरपंखी आणि चिंतामणी मात्र नीट पारखून घे कारण ते सारखे शेजारी-शेजारी येणार, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वेगळे दिसणारे रंग घरी आल्यावर एकच वाटतात. सगळे गुंडे ओळीने ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढ, फोटोत जे दोन सारखेच करडे दिसतील त्यातला एक बदल, फिका किंवा गडद घे.
दोन्ही मध्यमचे रंग जास्त आण, तेच सर्वात जास्त लागणार. लेबलवरचा लॉट नंबर एकच बघून घे, नंतर आणलेल्या गुंड्याची छटा हमखास वेगळी निघते.
नारळी पौर्णिमेच्या दिवशी त्या ओळीच्या वरून सोनेरी धाग्याची एक बारीक ओळ टाक असं मला वाटतं. आमच्याकडे त्या दिवशी दर्याला नारळ देतात, तो दिवस पांघरुणात कळायला हवा.

खांब_साखळी
धाग्याचं बोलते. खरी लोकर कोकणात नकोच, दमट राहते आणि कसर लागते. सुती अंगाला छान पण एवढं मोठं पांघरूण वजनाला जड होतं, आणि पावसात धुतलं तर चार दिवस वाळत नाही, दांडीवर टाकलं की स्वतःच्या वजनाने लांबतं. ॲक्रिलिक हलकं, चटकन वाळतं, रंग पक्के, पण इथल्या उकाड्यात घाम काढतं आणि त्यावर कडक इस्त्री फिरली की कायमचं लुळं पडतं. तुझी लेक बंगलोरला आहे, तिथे डिसेंबर-जानेवारीत गारठा असतो, तेव्हा मी ॲक्रिलिक किंवा कॉटन-ॲक्रिलिक मिक्स घेईन, ८ प्लाय जाडीचा धागा आणि ४ मिमीची क्रोशेची सुई.
अर्ध्या खांबाने (हाफ डबल क्रोशे) विण. मुका खांब (सिंगल क्रोशे) बुटका, त्याने १२२ ओळी विणल्या तरी पांघरूण आखूड होईल आणि उगाच जाड, पूर्ण खांबात फटी राहतात. आधी दहा ओळींचा तुकडा विणून मोज, त्याला १२.२ ने गुणलं की लांबी कळली. तुकडा विणण्याआधी आणि नंतर गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव, एकूण धागा किती लागेल तेही निघेल.
कडांचं म्हणशील तर पायाची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाल, नाहीतर खालची बाजू आवळते. पांघरूण त्रिकोणी व्हायला लागतं ते टोकाचा टाका सुटल्यामुळे. वळताना दोन साखळ्या घालतेस त्यांना टाका धरायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरव आणि शेवटपर्यंत तेच ठेव. धरत असलीस तर पहिल्या टाक्यात विणायचं नाही, आणि परत येताना त्या साखळीच्या डोक्यात विणायचं. तिथे सेफ्टी पिन लावून ठेव, आणि दर ओळीला टाके मोज, कंटाळा आला तरी.
रंग बदलताना नवीन धागा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जोडू नकोस. आधीच्या ओळीचा शेवटचा अर्धा खांब घालताना सुईवर तीन फास राहतात ना, तिथे जुना धागा सोडून नवीन रंग त्या तिन्हीतून ओढून घे. पट्ट्याची रेघ स्वच्छ येते.

सुरंगी
पाऊसच! ठरलं, आणि नारळी पौर्णिमा पण. लेकीला अजून सांगत नाही. पण रोज नवीन रंग म्हणजे दोन्ही बाजूंना शेकडो शेपट्या लोंबणार, त्यांचं काय करता?

खांब_साखळी
वीतभर शेपूट ठेवायची आणि पुढची ओळ विणताना ती टाक्यांच्या आत घेत जायचं, सात-आठ टाके एका दिशेला. उरलेली शिवणाच्या सुईने उलट दिशेला थोडी ओवून मग काप, ॲक्रिलिक निसरडं असतं, एका दिशेने ओवलेलं धुतल्यावर बाहेर येतं. गाठी मारू नकोस, त्या टोचतात आणि सुटतातही. रोजच्या रोज कर, सप्टेंबरवर ढकललंस तर महिना त्यातच जाईल. शेवटी चारी बाजूंनी मुक्या खांबाच्या दोन ओळी फिरव, कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन, म्हणजे राहिलेलं सगळं झाकलं जातं.

खाडीकाठ
एक राहिलं. आमच्या आईला मिलिमीटर कळत नाहीत, ती नक्षत्रांवरच पाऊस सांगते. १ जूनऐवजी मृगापासून, ७-८ जूनला सुरू केलंस आणि हस्त संपेपर्यंत विणलंस तरी ओळी जवळपास तेवढ्याच होतात, दोन-तीन जास्त. नऊ नक्षत्रं, साधारण तेरा-चौदा ओळींचं एकेक, मध्ये पांढऱ्याची एक ओळ घातलीस की तरणा पाऊस (पुनर्वसूचा) कुठे संपला आणि म्हातारा (पुष्याचा) कुठे लागला ते बोट ठेवून दाखवता येईल. त्या आठ पांढऱ्या ओळी लांबीत धरायला विसरू नकोस.