मदत हवी: जुन्या फाँटमधले चौदाशे दस्त युनिकोडमध्ये कसे आणावेत? (लिनक्स, लिब्रेऑफिस)

नमस्कार मंडळी,

बार्शीत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. प्रश्न तांत्रिक आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप मी पुण्याहून आणतो. बहुतेक चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह. पेटी उघडून धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावायची, मदरबोर्डवरचा बटणसेल बदलायचा, हार्डडिस्क काढून 256 जीबीची एसएसडी बसवायची, रॅम आठ जीबी करून ती रात्रभर तपासायला लावायची. मग त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली), तिचं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. स्क्रीन आणि कीबोर्डसकट साडेनऊ हजार, आणि सहा महिने माझी हमी. घेणारे म्हणजे शाळकरी पोरांचे आईवडील, किराणा दुकानदार, एखादी पतसंस्था.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही अशा मशिनवर क्रॅक केलेलं विंडोज टाकून देत होतो. गिऱ्हाईक तेच मागतं आणि शेजारचा तीनशे रुपयांत तेच करून देतो. मग दूध संकलनाचा हिशोब ठेवणाऱ्या एका ताईंच्या सगळ्या फायली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या. पाच महिन्यांचा हिशोब गेला. क्रॅक मीच टाकला होता आणि त्यासाठी विषाणूरोधकही मीच बंद केला होता. ताई मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत, वहीवरून पुन्हा हिशोब मांडायला बसल्या. त्या दिवसापासून क्रॅक बंद. ज्यांना विंडोजच हवं त्यांनी परवाना विकत घ्यावा, मी बसवून देतो. बाकीच्यांना लिनक्स.

विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि 11 ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं. म्हणजे माझ्याकडची सगळी मशिनं त्या हिशोबानं भंगार. मिंट 22 ला मात्र 2029 पर्यंत अपडेट आहेत. ‘फुकटचं म्हणजे कसलं असणार’ असं कुणी म्हटलं, की मी केरळचं उदाहरण देतो. तिथल्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं मुक्तस्रोत प्रणालीवरच शिकतायत.

आता मूळ प्रश्न.

तहसील कचेरीबाहेर बसून दस्त आणि अर्ज लिहून देणारे एक काका आहेत. त्यांचा विंडोज एक्सपीवाला संगणक बंद पडला. डिस्क टक टक आवाज करत होती. डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कवरून माहिती वाचवणारं साधन) दोन रात्री चालवून जवळपास सगळं वाचवलं. हक्कसोडपत्रं, वाटणीपत्रं, भाडेकरार, संमतीपत्रं, वारसाचे अर्ज मिळून साधारण चौदाशे डॉक फायली. नवा दस्त करताना काका कोरा कागद घेत नाहीत. सात वर्षांपूर्वीचं पवारांचं वाटणीपत्र उघडायचं, नावं आणि चतुःसीमा बदलायच्या, हीच त्यांची पद्धत. त्यामुळे या फायली गेल्या तर धंदाच गेला.

सगळ्या फायली जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये आहेत. फाँटचं नाव इथं लिहीत नाही. तो विकतचा आहे, त्याची टायपिंगची प्रणाली लिनक्सवर चालत नाही, आणि फाँटची फाईल नुसती उचलून नव्या मशिनवर टाकणं मला पटत नाही. क्रॅक सोडून पुन्हा तेच करायचं तर मग काय अर्थ?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या जुन्या फाँटमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. फाँट काढला की सगळा मजकूर निरर्थक इंग्रजी दिसतो. शिवाय अक्षरं साठतात ती दिसण्याच्या क्रमानं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. रफार अक्षराच्या मागून. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, आणि रफाराचा र सगळ्यात आधी. म्हणून नुसतं याच्या जागी ते, असं करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो.

नेटवर मिळालेला एक परिवर्तक वापरून पाहिला. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, युनिकोड मिळतं. साधा अर्ज ठीक होतो. पण दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिलं म्हणजे इंग्रजी. दस्तात पॅन क्रमांक, बँकेचा आयएफएससी, एखादा ईमेल हे साध्या इंग्रजी फाँटमध्ये आहेत. परिवर्तकाला फाँट कळत नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात, म्हणून तो पॅनचंही मराठी करून टाकतो. दस्तात पॅन चुकला तर काकांची इतक्या वर्षांची पत जाईल. चौदाशे फायलींत हातानं शोधणं होणार नाही.

दुसरं त्याहून त्रासाचं. ‘शेतकऱ्यांचे’ चं ‘शेतकर्यांचे’ होतंय. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’, ‘पायऱ्या’ चं ‘पायर्या’, ‘विहिरीच्या चौथऱ्या’ चं ‘चौथर्या’. वाटलं, सगळीकडे ‘र्य’ चं ‘ऱ्य’ करून टाकावं. केलं, आणि लगेच ‘काऱ्यालय’, ‘मऱ्यादा’ आणि ‘येथपऱ्यंत’ झालं! म्हणजे तेही नाही. काकांनी छापलेला कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘अहो, शेतकऱ्याला असं लिहितात का कुणी?’’ मला फार लागलं ते. त्यांचं बरोबरच आहे. बोलताना दोन्ही उच्चार वेगळे आहेत, आणि सरकार दरबारी जाणाऱ्या कागदावर शेतकरी हा शब्द तरी धड असायला हवा.

मला थोडं पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) येतं, तेही बघून बघून शिकलेलं. फाँट ओळखून तेवढाच मजकूर बदलता येईल असं काही आहे का? आणि या ‘ऱ्य’ चं काय करावं? अपवादांची यादी करायला घेतली आहे (कार्य, सूर्य, आचार्य, पर्याय, मर्यादा, पर्यंत, आश्चर्य...), पण दस्तात माणसांची नावं असतात. सूर्यवंशी आले, ऐश्वर्या आल्या. यादी कुठं संपायची?

जाणकारांनी कृपया वाट दाखवावी. काका रोज दुपारी दुकानात येऊन बसतात, काही बोलत नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघतात.

भर, चार दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही गाठी सुटल्या, म्हणून पुढे कुणाला लागलं तर असावं यासाठी इथंच लिहून ठेवतो.

इंग्रजीचं असं केलं. लिब्रेऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) खिडकी न उघडता आदेशावरून चालवता येतं. त्यानं सगळ्या डॉक फायलींच्या एका फटक्यात ओडीटी (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारच्या फायली) केल्या. ओडीटी म्हणजे खरं तर झिपच असते. आतल्या एक्सएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला शैली जोडलेली असते आणि त्या शैलीत फाँटचं नाव. पायथॉननं फक्त जुन्या फाँटचे तुकडे उचलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पॅन जसेच्या तसे राहिले. एक काळजी घ्यावी लागते: जिथं अर्धा शब्द ठळक केलेला आहे तिथं शब्दाचे दोन तुकडे पडतात आणि वेलांटी किंवा रफार पलीकडच्या तुकड्यात अडकतो. तसे शब्द आज्ञावली वेगळे नोंदवते, मी हातानं दुरुस्त करतो.

‘ऱ्य’ च्या बाबतीत मी चुकीच्या जागी शोधत होतो. इथल्या एका प्रतिसादात विचारलं होतं, की मूळ फाईलमध्ये ‘कार्य’ आणि ‘शेतकऱ्या’ या दोन शब्दांतल्या र साठी साठवलेलं चिन्ह एकच आहे का, ते आधी बघा. बघितलं. वेगळं आहे! साहजिकच आहे, कागदावर दोन्ही वेगळे दिसतात तर फाँटमध्ये दोन आकृत्या असणारच. माहिती फाईलमध्ये शाबूत होती. परिवर्तकाच्या तक्त्यात कुणीतरी दोन्हींना एकच र् दिला होता. तक्त्यात एक ओळ बदलली, आडव्या अर्ध्या र साठी ‘ऱ्’ घातलं, आणि शेतकऱ्यांपासून कऱ्हाड, गुऱ्हाळापर्यंत सगळं जागच्या जागी आलं. अपवादांची यादी फाडून टाकली.

टायपिंगचं फार अवघड गेलं नाही. आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीत एम17एन नावाचा मांडण्यांचा संच आहे, त्यात टाइपरायटरची मांडणी आहे, काकांची बोटं दोन दिवसांत बसली. फाँट मुक्ता ठेवला आहे, मुंबईच्या एक टाइपचा, मुक्त परवान्याचा. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडायला विसरू नका. नोटोसारख्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात ते त्यामुळेच.

आता एकच अडचण उरली आहे, त्यासाठी पुन्हा मदत मागतो. स्टॅम्पपेपरच्या पहिल्या पानावर वरचा छापील भाग सोडून मजकूर सुरू करावा लागतो. काकांनी जुन्या फायलींत ती जागा एंटर दाबून दाबून सोडली आहे. फाँट बदलला की ओळीची उंची बदलते आणि मजकूर वर सरकून मुद्रेवर चढतो. ऑक्टोबर 2024 पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा कागद लागतो, त्यामुळे एक पान बिघडलं की पाचशे गेले. नव्या दस्तांसाठी मी पहिल्या पानाची वेगळी शैली करून वरचा समास मोठा ठेवला आहे, ते चोख चालतं. पण जुन्या चौदाशे फायलींतले सुरुवातीचे रिकामे परिच्छेद काढून ही शैली आपोआप लावता येईल का? काही फायलींत ते बारा आहेत, काहींत एकोणीस, आणि काहींत मध्येच एक टिंब टाकलेलं आहे.

तोवर काका साध्या कागदावर एक प्रत काढतात, ती स्टॅम्पपेपरच्या मागे धरून उजेडात बघतात, आणि मगच खरा कागद प्रिंटरला लावतात.